वरच्या कप्प्यातल्या कुळास अनावृत पत्र

श्री. वास यांसी,
मुक्काम फ्रीझर, वरचा कप्पा, स्वयंपाकघर, रत्नागिरी.

नमस्कार. तो मनापासून नाही, पण आमच्या जिल्ह्यात दावा लावण्याआधीही नमस्कार घालायची रीत आहे, म्हणून घातला.

तुम्ही या कप्प्यात कोणत्या तिथीला शिरलात, कुणाच्या परवानगीने राहिलात आणि खंड किती ठरला होता, याचा एकही कागद घरात सापडत नाही. तुमचा थाट मात्र कायम कुळाचा. दार उघडलं की आधी तुम्ही बाहेर येता, बर्फ मागाहून दिसतो. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ ही तारीख आमच्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी असते. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्याने तिचा मालक मानला गेला, आणि ते न्यायाचंच झालं. पण कसणारा घाम गाळतो. तुम्ही काय गाळता ते मी फ्रीजमागच्या ट्रेमध्ये पाहिलंय. तेव्हा त्याच कायद्याच्या कलम ‘३२ ग’खाली किंमत ठरवून घेऊन कप्पा नावावर करायचा विचार असेल, तर तो सोडा.

तुमची वंशावळ मला ठाऊक आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. मे संपत आला की मिरकरवाडा बंदरावर अशी झुंबड उडते की परक्याला वाटावं, गावाला आता वेढाच पडणार. सुरमईच्या तुकड्या, सोललेली कोलंबी, पापलेटं, आणि ‘असू देत, स्वस्त मिळाले’ म्हणून बांगडे. त्याच दिवसांत हापूसचा रस डब्यांत भरला जातो, सोललेले ओले काजूगर पिशवीत जातात, फणसाचे गरे जातात आणि उरलेल्या फटीत कुणीतरी कुणासाठी तरी राखलेलं काहीतरी सरकवून ठेवतं, ज्यावर ना नाव ना तारीख. बेगमी दोन महिन्यांची. पण बंदी उठते तेव्हा बहुधा श्रावण लागलेला असतो नाहीतर लागायच्या बेतात असतो, आणि श्रावण सरतो तोवर गणपती दारात. म्हणजे जो बांगडा बंदीत पोटात गेला नाही, तो अनंत चतुर्दशी उलटेपर्यंत कप्प्यात ध्यानस्थ.

‘गोठवलं की सगळं जागच्या जागी थांबतं, मग मी उपजलोच कसा?’ असा तुमचा बचाव आहे म्हणे. वकील चांगला दिसतो. उणे अठरा अंशांवर जंतू वाढत नाहीत हे खरं, पण मरतात असंही नाही; नुसते तहकूब होतात. आणि माशाची चरबी कुणाचीच तहकुबी मानत नाही. बांगडा, तारली हे तेलकट मासे. पिशवीत हवा राहिली असेल तर गोठलेल्या अवस्थेतही त्यांची चरबी हळूहळू खवट होत जाते. त्यात घरचा फ्रीझर माल गोठवतो तोही सावकाश. सावकाश गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात, मांसाच्या पेशी फाडतात, आणि जरा ऊब लागली की पाणी सुटतं. अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्सआयने शंभरावर वर्षांपूर्वी लॅब्राडोरच्या थंडीत तिथल्या इन्युइट लोकांकडे पाहून हेच हेरलं होतं: मासा झटक्यात गोठला तर ताजा राहतो. या शोधावर त्याने पुढे मोठा धंदा उभा केला. आमच्याकडे लॅब्राडोरचा वारा नाही. वीज आहे, तीही पावसाची मर्जी सांभाळून येते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगड झोडपलं तेव्हा कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. माणसांनी छपरं सावरली, तुमच्या जमातीची मात्र चंगळ झाली. वास्तविक गच्च भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. पण दार बंद ठेवणं आमच्या घराण्याच्या रक्तात नाही. तासातासाला कुणीतरी उघडून बघतं, ‘वितळला काय गो?’ आणि त्या काळजीनेच तो वितळतो.

पाणी सुटलं की तहकूब जंतू जागे होतात आणि समुद्राच्या माशाच्या अंगातल्या एका निर्गंध द्रव्यापासून ट्रायमिथाइल अमाइन तयार करतात. हे तुमचं पाळण्यातलं नाव. पिशवीत मुशी असेल तर सोबतीला अमोनियाही येतो, कारण तिच्या मांसात युरिया भरपूर असतो. मग दार उघडणाऱ्याचे डोळे भरून येतात आणि बघणाऱ्याला वाटतं, बाईला माहेर आठवलं. तुमच्यासाठी वाहनाची सोयसुद्धा कंपनीनेच करून ठेवलेली. बर्फ न साचणाऱ्या फ्रीजमध्ये पंखा असतो, तो वरची हवा खाली आणि खालची वर फिरवतो. तुम्ही वर झोपता आणि सकाळी दुधात भेटता.

तुम्हाला हुसकावण्यासाठी घरात सल्ल्यांना तोटा नाही. आत्याबाईंनी वाटीत कापूर ठेवला. कापूर उडून गेला, तुम्ही राहिलात. मुंबईच्या मामांनी फोनवरून कॉफीची पूड सुचवली, तिचा परिणाम इतकाच की तुम्ही जरा सुशिक्षित वाटू लागलात. शेजारच्या काकूंनी शेगडीचा कोळसा दिला. कोळशाची कल्पना चुकीची नाही, पण वास धरून ठेवतो तो सक्रिय कोळसा; त्याला असंख्य बारीक छिद्रं पाडलेली असतात. शेगडीतला कोळसा त्याच्यापुढे अगदीच आळशी. धाकट्या जाऊबाईंनी तर खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं. फसफसून फेस आला आणि सगळ्यांची खात्री पटली की आता काम होतंय. काम झालं ते एवढंच, की आम्ल आणि अल्क यांनी एकमेकांचा काटा काढला, वायू उडून गेला आणि खारट पाणी उरलं. तुम्ही बाजूला उभे राहून मजा बघितलीत.

सोड्याची वाटी ठेवणाऱ्यांना कुणी सांगत नाही की सोडा अल्कधर्मी आणि तुम्हीही अल्कधर्मीच, म्हणजे एकाच भावकीतले. नासलेल्या दुधाचा किंवा जुन्या लोण्याचा आंबूस वास असेल तर सोडा कामाला येतो. माशाच्या वासाला आंबटच हवं. आम्ल लागलं की तुमचा क्षार होतो आणि क्षाराला हवेत उडता येत नाही. बांगड्याच्या कालवणात आमसूल आणि तळलेल्या तुकडीवर लिंबू ही पद्धत घालून देणाऱ्या बायकांनी रसायनशास्त्राचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे फ्रीझर नव्हता, हेही तितकंच महत्त्वाचं.

इथवरही मी सहन केलं असतं. पण गणपतीत तुम्ही खवलेल्या नारळात शिरलात. नारळाच्या चवात तेल भरपूर, आणि स्निग्ध पदार्थ वास ओढून घेतात; लोणी झाकून ठेवतात ते याचसाठी. चव सैल झाकणाच्या डब्यात होता आणि तुम्हाला तेवढी फट पुष्कळ झाली. गूळ घातला, वेलची घातली, जायफळ उगाळून घातलं. उकडीचे मोदक पाकळ्या धरून, केळीच्या पानावर केशराची काडी लावून नैवेद्याला गेले. बाप्पाने काही म्हटलं नाही. मुंबईहून आलेल्या दिरांनी म्हटलं, आणि सगळ्या पंक्तीला ऐकू जाईल असं म्हटलं.

सबब ही नोटीस. येत्या अमावास्येला फ्रीजचा प्लग काढला जाईल. ज्या पुड्यावर नाव-तारीख नाही तो बाहेर जाईल, मग तो कुणीही कुणासाठीही राखलेला असो. ट्रेमधला बर्फ फेकला जाईल, कारण तुम्ही त्यातही मुरला आहात. कुठे बर्फ साचला असेलच, तर तो सुरीने खरवडला जाणार नाही. आत गॅसची नळी असते, ती फुटली तर तुमच्यापेक्षा मेकॅनिक महाग पडेल. आधी कोमट पाण्यात सोडा घालून ओशटपणा काढला जाईल, फडक्याने कोरडं केलं जाईल, आणि त्यानंतरच निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर फिरवलं जाईल. ब्लिचिंग पावडरीचा प्रस्ताव मी फेटाळला आहे. ती व्हिनेगरला भेटली तर विषारी क्लोरीन सुटतो, आणि तुमच्यासोबत मलाही घर सोडायची हौस नाही.

दाराच्या रबराच्या घड्या दात घासायच्या जुन्या ब्रशने उकलल्या जातील. बर्फाचं पाणी जिथून खाली जातं ते भोक मोकळं केलं जाईल. आणि मग फ्रीज भिंतीपासून ओढून मागे, कॉम्प्रेसरवर जो ट्रे असतो, तिथे मी स्वतः येणार आहे. फ्रीझरमधून वाहिलेलं सगळं त्या ट्रेमध्ये जमतं आणि कॉम्प्रेसरच्या उबेवर शिजत राहतं. माझ्याखेरीज घरात तो कुणी पाहिलेला नाही. वरचा कप्पा हा तुमचा नुसता टपालाचा पत्ता. संसार तुम्ही मागे थाटलाय. त्यानंतर दार रात्रभर उघडं राहील, मध्ये पाट लावून.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे आणि ती मी लपवत नाही. आतल्या भिंतीला तडा जाऊन मागच्या फोममध्ये घाण पाणी झिरपलं असेल, तर तुमचा ताबा कुठल्याच कोर्टात हलत नाही. मग फ्रीजच भंगारात जातो, तुमच्यासकट.

तडजोडीला मी तयार आहे. वाडीत, वाळत घातलेल्या सुकटीवर आणि बोंबलांच्या दोरीवर तुमचे कितीतरी सोयरे उजळ माथ्याने राहतात. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. उलट त्यांच्यावाचून पावसाळा निघत नाही. तुम्ही तिकडे जा. उन्हात राहा, वाऱ्यावर राहा, गिऱ्हाईक स्वतःहून हुंगायला येईल.

कळावे,
घरमालकीण

प्रत माहितीसाठी:
दुधाची पिशवी, बाधित पक्षकार म्हणून.
हापूसच्या रसाचे डबे. आपण साक्षीला येणार की नाही ते कळवावे.
धाकट्या जाऊबाई. सोडा आणि व्हिनेगर यापुढे वेगवेगळ्या फडताळांत ठेवावेत.