आकडे बोलतात, ऐकतं कोण?

पॉडकास्ट लोकप्रिय आहे म्हणजे तो दर्जेदार असणारच, याविषयी आम्हाला तिळमात्र शंका नाही. २०२२ मध्ये ब्लूमबर्गने दाखवून दिलं की अमेरिकेतल्या काही पॉडकास्ट कंपन्या मोबाइल गेममध्ये जाहिराती देतात. भाग काही सेकंद उघडा ठेवा, गेममधलं बक्षीस मिळवा. डाउनलोड मोजला गेला, बक्षीस पदरात पडलं. निवेदकाने तोवर घसाही खाकरला नसेल. केवढी ही गुणग्राहकता! (आपल्याकडे सभेला गर्दी जमवायची तर टेम्पो नि वडापावचा खर्च येतो.)

पुढच्याच वर्षी आयओएस १७ आलं. बऱ्याच दिवसांनी परतलेल्या श्रोत्यासाठी मधले साचलेले सगळे भाग आपणहून उतरवून ठेवायची सवय आयफोनने सोडली. झालं! भल्याभल्या पॉडकास्टचे आकडे घसरले. निवेदक तेच, विषय तेच, दर्जा मात्र एका अपडेटसरशी खालावला.

तेव्हा उत्कृष्ट श्रोता पुरस्कार आता फोनलाच द्यावा. एकही भाग चुकवला नाही, जांभई दिली नाही, मध्येच पुढे ढकललं नाही. शालीऐवजी कव्हर चालेल. परीक्षकांना एकच नम्र विनंती: एखादा भाग ऐकून निकाल बिघडवू नये.