पासावर पोट भरणाऱ्या वार्ताहराविषयी पुरवणी-संपादकांस खुले पत्र

प्रति,
माननीय संपादक, रविवार पुरवणी

विषय : मेटल संगीत महोत्सवाचा अर्धवेळ वार्ताहर, त्याची कामाची रीत आणि त्याच्या मानधनाचा प्रश्न.

महोदय,

अर्धवेळ संगीत-वार्ताहर आठवड्याचे पाच दिवस बँकेत, शाळेत किंवा सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि उरलेल्या दोन दिवसांत दुसऱ्यांच्या गाण्याबजावण्यावर मजकूर लिहितो. वर्षातून एकदा मोठ्या महोत्सवासाठी तो हक्काची रजा टाकतो. मोबदल्यादाखल त्याला गळ्यात अडकवायचा पास मिळतो. या पासालाच मानधन समजण्याची प्रथा वृत्तपत्रसृष्टीत रूढ आहे. पास वाण्याकडे चालत नाही, एवढी एक उणीव सोडली तर तो टिकाऊ असतो; लॅमिनेट केलेला असल्याने पावसातही खराब होत नाही.

ही जात नीट न्याहाळायची तर उत्तर जर्मनीतले वाकेन गाठावे. श्लेस्विग-होलस्टाइन राज्यातले, हॅम्बुर्गच्या वायव्येचे हे गाव. वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर, भोवती शेते आणि दुभती गुरे. १९९० च्या ऑगस्टमध्ये थॉमस येन्सन आणि होल्गर ह्युबनर या गावच्याच दोन तरुणांनी तिथल्या खडीच्या खाणीत सहा बँड बोलावले. ऐकायला आठशेच्या आसपास माणसे आली. आज त्याच गावात दर उन्हाळ्यात 'वाकेन ओपन एअर' नावाने जी जत्रा भरते, तिची ८५,००० तिकिटे विकली जातात आणि मैदान, तंबू, वाहनतळ धरून पसारा दोनशे हेक्टरांच्या वर जातो. बिअरचे टँकर चिखलात रुतू नयेत म्हणून २०१७ मध्ये जमिनीखालून बिअरची नळयोजनाच घालण्यात आली. पिण्याच्या पाण्यासाठी जिथे टँकरची वाट पाहतात, तिथल्या वाचकाने हे वाक्य पुन्हा वाचले तर हरकत नाही. उद्घाटनाचा मान बहुधा गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या वाद्यवृंदाकडे असतो. गणवेश घातलेले गावकरी पिपाण्या-तुताऱ्या वाजवतात आणि समोर काळ्या टी-शर्टांतली हजारो माणसे माना झटकत दाद देतात.

मेटल हा प्रकार वार्ताहरापेक्षा संपादकाला समजावून सांगणे अवघड. त्याचा उगम बहुतेक अभ्यासक बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडमध्ये मानतात. त्यांचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० चा. गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायच्या हाताचीच बोटे गेली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा चढवल्या आणि पुढे तारांचा ताण उतरवून स्वर खाली आणला. त्या उतरलेल्या, जड आवाजावर पन्नासहून अधिक वर्षे एक अख्खे संगीत उभे आहे. म्हणजे मेटलची नाळ नोकरीशी पहिल्यापासून जोडलेली आहे. वार्ताहराने कार्यालयात रजेचा अर्ज देताना हा दाखला जोडून पाहावा.

गायकाचे गुरगुरणे हा संपादकांचा दुसरा नेहमीचा प्रश्न. 'हा माणूस ओरडतोय का?' असे ते दूरध्वनीवर विचारतात. तो ओरडत नसतो. घशात स्वरतंतूंच्या वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते, ती श्वासाच्या जोरावर थरथरवून हा आवाज काढतात. याचा रीतसर रियाज असतो, आणि तो चुकला तर घसा बसतो. प्रेक्षक हात वर करून तर्जनी आणि करंगळी ताठ धरतात, त्यालाही छापखान्यात सैतानाची खूण म्हणायची सवय आहे. ती खूण लोकप्रिय करणाऱ्या गायक रॉनी जेम्स डिओने सांगितलेली हकीकत साधी होती : त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून बोटे तशी धरायची. मीठमोहऱ्या ओवाळणाऱ्या आजीच्या नातवंडांना यात सैतान शोधण्याचे कारण नाही.

या संगीताची पत्रकारिता पहिल्यापासून हौशी लोकांनीच चालवली. ब्रिटनचे 'केरँग!' १९८१ मध्ये 'साउंड्स' या साप्ताहिकाची जोडपुरवणी म्हणून निघाले. त्याचे नाव म्हणजे गिटारच्या झणत्काराचा कागदावर उतरवलेला आवाज. जर्मनीतले 'रॉक हार्ड' १९८३ मध्ये डॉर्टमुंडच्या चाहत्यांनी घरगुती पत्रिका म्हणून सुरू केले. भारतात 'रॉक स्ट्रीट जर्नल' १९९३ मध्ये निघाले ते मुंबईतून किंवा बंगळुरातून नव्हे, अलाहाबादेतून. तेव्हा अर्धवेळ वार्ताहर ही वृत्तपत्रांच्या पडत्या काळाची निपज नव्हे, त्याचे घराणे जुने आहे. फरक एवढाच की त्या पत्रिकांच्या चालकांना आपण फुकट राबतो आहोत हे माहीत होते. आजच्या वार्ताहराला त्याचे 'एक्स्पोजर' होते आहे असे सांगण्यात येते.

कामाची सुरुवात महोत्सवाच्या कितीतरी आधी, अर्जाने होते. संपादकाचे पत्र, नियतकालिकाचा खप, गेल्या लेखांची कात्रणे आणि यंदा काय छापणार याचे आश्वासन, इतके जोडावे लागते. सारा लेख ज्यावर उभा, ती अट यातच लपलेली आहे. पुढच्या वर्षीचा पास मागताना यंदाची कात्रणे दाखवायची असतात, म्हणून यंदाचा लेख लिहितानाच पुढच्या वर्षीचा पास डोळ्यांपुढे तरळतो. त्यातून वार्तांकनाची एक सौम्य परिभाषा तयार झाली आहे. 'ध्वनिव्यवस्थेत किरकोळ त्रुटी' याचा अर्थ पहिली वीस मिनिटे गायक दिसत होता, ऐकू येत नव्हता. 'ऊर्जेने भारलेला प्रयोग' म्हणजे एक गाणे दुसऱ्यापासून वेगळे ओळखता आले नाही. 'जवळिकीचे वातावरण' असे छापून आले, तर तंबूत चाळीस माणसे होती आणि त्यातली निम्मी पावसामुळे आत शिरली होती. तिकिटाला तीनशेहून अधिक युरो मोजणारा श्रोता यापेक्षा स्पष्ट बोलतो. त्याला पुढच्या वर्षीही तिकीटच काढायचे असते.

प्रत्यक्ष महोत्सवात वार्ताहराला सगळ्यात कमी काय मिळत असेल तर ते संगीत. दोन मुख्य रंगमंच शेजारी शेजारी असतात आणि आळीपाळीने वाजतात; एकावर बँड असतो तेव्हा दुसऱ्यावर ढोल-ताशे मांडले जातात (वाचक ढोल म्हणजे ड्रम समजून घेतीलच). त्याखेरीज लहान रंगमंच आणि तंबू. दीडशेच्या वर बँड चार दिवसांत उरकायचे, म्हणजे कुठलाही एक पाहताना दोन हुकतात. छायाचित्रे काढायची तर पहिल्या तीन गाण्यांपुरते रंगमंचापुढच्या कठड्यात उभे राहता येते, फ्लॅश न वापरता. चौथ्या गाण्याला सुरक्षारक्षक बाहेर काढतो. धूर आणि आग सोडण्याचे प्रयोग नेमके त्यानंतर सुरू होतात, असा छायाचित्रकारांचा जुना अनुभव आहे.

मुलाखत पंधरा-वीस मिनिटांची. बाजूला प्रसिद्धीचे काम पाहणारी बाई घड्याळ धरून उभी. समोरचा वादक सकाळपासून 'नव्या अल्बमबद्दल सांगा' या प्रश्नाचे नववे उत्तर देत असतो, आणि ते आठव्याहून वेगळे असण्याचे त्याला काही कारण नसते. अनुभवी वार्ताहर अशा वेळी अल्बमचे नावही काढत नाही. जेवलात का, असे विचारतो. उत्तरे तिथून सुरू होतात.

आवाजाचा हिशेब कोरड्या आकड्यांत असा : ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला फार तर आठ तास कानाने सोसावा, अशी कामगार-आरोग्याची प्रचलित शिफारस आहे. पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. जर्मनीतल्या कार्यक्रमांसाठीचे मानक अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलपर्यंत चालवून घेते. वार्ताहर दिवसाचे नऊ-दहा तास त्या आवारात असतो. कानात घालायचे फोमचे बोळे स्वस्त मिळतात, पण कुठल्याही पुरवणीच्या खर्चाच्या यादीत ते बसल्याचे उदाहरण नाही.

माध्यमांसाठीचा तंबू हे मात्र पाहण्यासारखे ठिकाण. लांब टेबलावर विजेच्या प्लगांची एक पट्टी, तिच्यावर सात भाषांतल्या सात लोकांचा डोळा. कोणीतरी ओला मोजा लॅपटॉपच्या गरम वाऱ्यापुढे धरलेला. शेजारी एकजण बँडच्या नावाचे चिन्ह उलटे करून, तिरपे करून पाहतो आहे, कारण ब्लॅक आणि डेथ मेटलच्या बँडांची नावे वाळक्या काटक्यांच्या मोळीसारखी काढलेली असतात आणि छापण्यासाठी त्यांतून अक्षरे वेचावी लागतात. अक्षरे चुकली तर चाहते संपादकांना पत्रे लिहितात. अख्खा लेख चुकला तर कोणी लिहीत नाही.

चिखलाला स्वतंत्र परिच्छेद हवाच. वाकेनचे ब्रीद 'पाऊस असो वा ऊन' असे आहे. २०२३ मध्ये आधीचे कित्येक दिवस पाऊस झाला, तंबूंच्या शेतांत गाड्या रुतल्या, त्या ओढायला ट्रॅक्टर आले, आणि २ ऑगस्टला, महोत्सवाच्या पहिल्याच दिवशी, आयोजकांनी नव्याने येणाऱ्यांना प्रवेशच बंद केला. हजारो तिकीटधारक वाटेवरून परत फिरले. त्यांना पैसे परत देण्यात आले. ब्रीद टिकले, श्रोते परतले. अशा वर्षी पास गळ्यात असलेला पण रस्त्यावर अडकलेला वार्ताहर काय लिहितो, हे पाहण्यासारखे असते. तो रस्त्याविषयी लिहितो, ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याविषयी लिहितो, आणि तोच त्याचा त्या दशकातला सर्वांत वाचनीय मजकूर ठरतो. वाकेनवरच्या 'फुल मेटल व्हिलेज' या चो सुंग-ह्युंग यांच्या माहितीपटाचीही तीच गत. २००७ मध्ये त्याला जर्मनीतला मानाचा माक्स ओफ्युल्स पुरस्कार मिळाला, आणि त्यात संगीत थोडे, गावची म्हातारी माणसे, गाई आणि शेजारपाजारच अधिक.

संपादक महोदयांच्या ठरलेल्या प्रश्नाकडे, म्हणजे 'मराठी अँगल काय?' याकडे, आता वळणे प्राप्त आहे. अँगल आहे. मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड २०१४ मध्ये वाकेनला वाजला. दिल्लीच्या ब्लडीवूडने २०१९ मध्ये तिथे ढोल नेला, या वेळी खराखुरा. पण डेमॉनिक रिझरेक्शनचा गायक साहिल मखिजा 'हेडबँगर्स किचन' नावाचा पाककृतींचा कार्यक्रमही करतो, हे कळल्यावर पुरवणीत जागा झाली ती पाककृतीला. वाकेनच्या प्रयोगाची मात्र दोन ओळींत बोळवण झाली. चवीने वाचला जाईल असा मजकूर, हा निकष शब्दशः लावला की असे होते.

मोबदल्याबाबत जर्मनीतली स्थिती फार उजवी नाही. तिथली स्थानिक दैनिके बाहेरच्या लेखकाला ओळीवर पैसे देतात, त्यामुळे लांब नावाचा बँड परवडतो. तरी ओळीला काहीतरी भाव आहे. पुरवणीत तो नाही. हिशेब मांडला तर असे दिसते : आयोजकाला फुकट प्रसिद्धी मिळते, पुरवणीला फुकट मजकूर मिळतो, वाचकाला सौम्य केलेला मजकूर मिळतो आणि हे सगळे एका माणसाच्या हक्काच्या रजेतून भागते. ती रजा देणाऱ्या कंपनीचे नाव प्रायोजकांच्या यादीत असायला हवे, पण ते कोठेही नसते. वार्ताहराला पैसे मिळाले आणि त्याने तिकीट स्वतः काढले, तर 'किरकोळ त्रुटी' हा शब्दप्रयोग एका मोसमात छापखान्यातून हद्दपार होईल.

सोबत बाराशे शब्दांचा लेख जोडला आहे. जागा सहाशेची असल्यास बँडची नावे कापावीत, चिखल कापू नये. हॅम्बुर्ग ते वाकेनजवळच्या इत्सेहोपर्यंतचे रेल्वेचे तिकीट आणि फोमच्या बोळ्यांची पावती मागे टाचली आहे. लेखाच्या वर गेल्या वर्षीप्रमाणे 'आमच्या प्रतिनिधीकडून' असे न छापता लिहिणाऱ्याचे नाव छापावे, ही विनंती.