कशाच्या मानाने?

दिवा–रोहा मेमूत पेणच्या पुढे जागा मिळाली की हा गृहस्थ शेजारी असतोच. रसायनशास्त्रात एमएस्सी, नोकरी धाटावच्या एमआयडीसीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता-तपासणीला; निवृत्त झाला असला तरी मनाने अजून क्यूसीलाच. 'आज फार उकडतंय,' असं कुणी म्हणायचा अवकाश, की याचा प्रश्न तयार: 'कशाच्या मानाने?' मग कासू येईपर्यंत ऐकून घ्यावं लागतं की तापमान कालच्याइतकंच आहे, हवेत बाष्प वाढलंय. लिटरभर घाम वाळला तर अंगातली साडेपाचशेहून जास्त किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; वाळलाच नाही तर नुसता शर्ट भिजवतो. यंदा पाऊस कमी? कशाच्या मानाने? रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे अंगणाच्या दर चौरस मीटरवर तीन हजार लिटर. त्यातला किती कमी? पेणचे पोहे यंदा जाड आलेत? कशाच्या मानाने? मुलगी सुस्वभावी आहे, या वाक्यालाही तो हाच प्रश्न लावतो. त्यामुळे लग्नाच्या बोलणीला त्याला कुणी नेत नाही.

लोक याला शिक्षणाचा तोरा म्हणतात. हे निदान चुकीचं आहे. तोरा असलेला माणूस उत्तरं वाटत सुटतो. हा उत्तर द्यायचंच टाळतो. गाडी वेळेत पोचेल का, असं विचारलं तर 'तशी शक्यता आहे' एवढंच म्हणतो, आणि तेही रोहा स्टेशन दिसू लागल्यावर. त्याच्या बोलण्यात 'नेहमी' आणि 'कधीच' हे शब्द सापडत नाहीत. पुरावा हवा असेल तर हमरापूर-जोह्याकडच्या गणेशमूर्तींचा विषय काढून पाहावा. शाडूवाले आणि प्लास्टरवाले, दोघांनाही हा आपल्या बाजूचा वाटतो आणि दोघांचीही निराशा करतो. शाडू पर्यावरणपूरक? कशाच्या मानाने? ती गुजरातेतून ट्रकने येते, ते डिझेल धरलंत का? प्लास्टरवाले खूश होऊन मान डोलावतात, तोच त्यांचा नंबर लागतो. प्लास्टर भिजलं की त्याचं जिप्सम होतं आणि ते लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. मग तुमच्या बाप्पाने तळ्यात किती वर्षं बसायचं? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात मूर्ती विरघळवायची रीत काढली, तिचं मात्र तो कौतुक करतो. बिस्किट फुगवायला बेकरीवाले वापरतात तेच हे रसायन. त्यातून खाली खडूचा गाळ राहतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खत. दोन्ही पक्ष उठून जातात. पक्ष न घेणाऱ्या माणसाला आपल्याकडे पक्का विरोधक समजतात.

कुणी म्हणेल, अशाने जगण्यातली गंमत जाते. ढगाकडे बघून बाष्पाचं प्रमाण आठवणाऱ्याला पावसाचं सुख काय कळणार? पण ही शंका आधी कालिदासालाच आली होती. धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचं गाठोडं असलेला ढग निरोप कसा पोचवणार, असं तो मेघदूताच्या सुरुवातीलाच विचारतो आणि मग खुशाल निरोप पाठवतो. त्या मेघदूताचा मराठी पद्यानुवाद करणारे रोह्याचे चिंतामणराव देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकले होते. 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पानाच्या शिरा मोजणं, देशाचा पैसा मोजणं आणि मंदाक्रांतेची अक्षरं मोजणं एकाच माणसाला जमत असेल, तर मोजण्याने रस आटतो हे म्हणणं टिकत नाही. आमचा मेमूतला गृहस्थ देशमुख नव्हे, हे मान्य. त्याचं काव्य कुंडलिका नदीपाशी संपतं. कोलाडला राफ्टिंगचं पाणी सकाळी का चढतं, तर भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं म्हणून, हे सांगताना त्याचा आवाज थोडा हलतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: या प्रश्नाने आजवर कुणाचं काय भलं झालं? कारखान्यांच्या शेजारी राहणारे म्हणतात, 'हल्ली वास येत नाही.' वास कमी झाला की नाक सरावलं, हे नाकाला विचारून कळत नाही. हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू प्रमाणाबाहेर गेला तर वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि नेमका तेव्हाच तो जिवावर बेतणारा असतो. तिथे 'कशाच्या मानाने?' विचारून यंत्र आणायला लावणारा माणूस वैतागवाणा असला तरी हवाच. खरं तर त्याच्याविरुद्ध माझी एकच तक्रार आहे: तो हा प्रश्न चुकीच्या लोकांना विचारतो. घामाने भिजलेल्या सहप्रवाशाला विचारून काय मिळणार? विचारायचाच तर मुंबई–गोवा महामार्गवाल्यांना विचारावा. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. पेणचे आणि नागोठण्याचे लोक तेव्हापासून दर गणपतीला ऐकत आलेत की काम अंतिम टप्प्यात आहे. कृपा करून पुढच्या आढावा बैठकीला या गृहस्थाला पहिल्या रांगेत बसवा आणि माइक त्याच्या हातात द्या.