‘दोन जागा शिल्लक आहेत’ म्हणणाऱ्यास खुले पत्र



तुमचं नाव मला ठाऊक आहे. ते इथे लिहीत नाही, कारण तुमच्यासारखे पुष्कळ आहेत आणि हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. ‘डायनॅमिकल सिस्टिम्स अँड जॉमेट्री, स्कोपस, स्वीकृतीपत्र आठवड्यात, तिसरा आणि पाचवा लेखक शिल्लक.’ दौंडमधल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा तुमचा मेसेज आला. खाली दर होते. पहिल्या लेखकाचा सगळ्यात जास्त, मग उतरते. त्या मेसेजमध्ये खरी म्हणावी अशी गोष्ट एकच होती, ती म्हणजे किंमत.

पाचवी जागा एका तरुण शिक्षकाने घेतली. तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवतो, एक इथे आणि एक पुण्याच्या बाजूला. सकाळची शटल पकडतो, उभ्याने जातो. डिफरन्शियल इक्वेशन्स इतकं नीट शिकवतो की मुलं त्याच्या तासाला मागच्या बाकावर बसत नाहीत. कायम जागेच्या मुलाखतीत पेपर विचारतात म्हणून त्याने तुम्हाला पैसे दिले. छापून आल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, यातलं दुसरं प्रमेय मला समजत नाही. मुलाखतीत विचारलं तर?” प्रमेयावर त्याचंच नाव होतं.

आम्ही दोघं तो पेपर घेऊन बसलो. तुम्ही तो कधी वाचलेला नाही, म्हणून सांगतो त्यात काय आहे. प्रमेयात अवकाश संहत, म्हणजे कॉम्पॅक्ट, असल्याचं गृहीत धरलंय आणि लगेच खाली उदाहरण दिलंय सबंध प्रतलाचं. प्रतल कॉम्पॅक्ट नसतं, हे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला येतं. सिद्धता सात ओळींची, त्यात ‘स्पष्टच आहे’ तीनदा. आणि जिथे जिथे ‘फिक्स्ड पॉइंट’ हवा, तिथे तिथे ‘रिपेअर्ड डॉट’ छापलंय. कुणाचा तरी मजकूर उचलून चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवायला शब्द बदलणाऱ्या यंत्रातून काढला, की असं होतं. स्थिर बिंदूचा दुरुस्त केलेला ठिपका झाला आणि सहा लेखकांपैकी एकालाही तो खटकला नाही, कारण सहांपैकी एकानेही तो लिहिला नव्हता.

स्थिर बिंदू म्हणजे काय ते तरी समजून घ्या, तुम्ही तो विकलाय. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी 1949 साली दाखवलं, की चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे एकसारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा, आणि येईल त्या उत्तरावर तेच पुन्हा करा. 3524 घ्या: 5432 वजा 2345 म्हणजे 3087, 8730 वजा 0378 म्हणजे 8352, 8532 वजा 2358 म्हणजे 6174. आता 7641 मधून 1467 वजा करा, पुन्हा 6174. तिथून पुढे संख्या हलत नाही, हाच स्थिर बिंदू. जास्तीत जास्त सात पावलांत सगळ्या तिथेच येऊन थांबतात. हीच गतिकी, डायनॅमिक्स, तिच्या सगळ्यात साध्या रूपात. कापरेकर शाळामास्तर होते, पुष्कळसं काम त्यांनी छोट्या पुस्तिका काढून छापलं, आणि 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. त्यांनी कुणाकडूनही लेखकाची जागा घेतली नाही. 6174 ला आज जगभर त्यांच्या नावाने ओळखतात.

तुमच्या पेपरची संदर्भसूची तर त्यातल्या सिद्धतेहून वाईट. अर्ध्याहून जास्त संदर्भ त्याच त्याच आठ-नऊ नावांचे. एक भूजलावर, एक बचत गटांवर, एक मोबाईल विक्रीवर. भूमितीच्या पेपरला बचत गटाचा संदर्भ कशाला? कारण त्या पेपरचा लेखकही तुमचं गिऱ्हाईक आहे आणि त्याला सायटेशनही विकलंय. ऊस उत्पादकांच्या या तालुक्यात काटामारी काय असते ते शेंबड्या पोरालाही कळतं. तुम्ही ज्ञानाच्या काट्यावर तीच करता. फरक एवढाच, की इथे वजन घटत नाही, वाढतं, आणि ज्याने खरोखर माल आणला तो मागे पडतो.

तुम्ही नेमकं गणितच का निवडलंत हेही मला कळतं. गणितात पेपर कमी लिहिले जातात, सावकाश वाचले जातात, आणि सायटेशनही कमी मिळतात. वैद्यकात जे शेकड्यांत चालतं ते इथे दहा-वीसमध्ये होतं. म्हणून पाच-सहा जणांनी एकमेकांना संदर्भ दिले की ते सगळ्यांच्या वर दिसतात. हे इतकं वाढलं की जगातल्या सर्वाधिक उद्धृत संशोधकांची यादी काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने 2023 मध्ये त्या यादीतून गणित हा विषयच वगळला. ज्यांनी आयुष्यभर प्रामाणिकपणे काम केलं त्यांचा विषय यादीतून गेला तो तुमच्यासारख्यांमुळे.

आणि अशा बनावट पत्रिकांचा धंदा आमच्याच विद्यापीठातल्या लोकांनी उघडा पाडला होता. भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निबंध लिहिला. विद्यापीठांनी शिफारस करून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) मान्य यादीत घातलेल्या 1009 संशोधनपत्रिका त्यांनी तपासल्या. निकषांवर उतरल्या फक्त 112. बाकीच्यांपैकी कुणाचा पत्ता नव्हता, कुणाच्या संपादकांची नावं नव्हती, कुणी आयएसएसएन चुकीचा दिला होता, कुणी इम्पॅक्ट फॅक्टरच खोटा छापला होता. त्याच वर्षी यूजीसीने 4305 पत्रिका यादीतून काढल्या आणि ‘केअर’ नावाची नवी यादी करायचं काम पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात सुरू झालं. आता ती यादीही बंद झाली, आणि तुमचा मेसेज अजून येतो.

तुम्ही म्हणाल, मागणी आहे म्हणून आम्ही आहोत. मागणी आहे, हे खरं. यूजीसीच्या 2010 च्या नियमावलीने शिक्षकाच्या कामाला गुण लावले, एपीआयचे तक्ते आले, आणि पेपर वाचण्याऐवजी मोजले जाऊ लागले. ती चूक सरकारची आणि आम्हा प्राध्यापकांची. पण त्या तक्त्याखाली दबलेल्या, तासाच्या हिशेबाने पगार घेणाऱ्या पोराच्या खिशात हात घालायचं तुम्ही ठरवलंत. त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही.

तुमच्या दरपत्रकातल्या ‘पहिला लेखक, पाचवा लेखक’ यावर आता बोलतो, कारण तिथे तुमचं अज्ञान सगळ्यात जास्त दिसतं. गणितात नावं सहसा आडनावाच्या अकारविल्हे लिहितात. पहिला, पाचवा असा मान नसतोच. ज्याचं नाव आहे तो सगळ्या निबंधाला सारखाच जबाबदार. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले बेळगावचे एस. जी. दाणी यांनी रशियन गणिती मार्गुलिस यांच्याबरोबर 1989 मध्ये वर्गरूपांच्या किमतींवर निबंध लिहिला. मार्गुलिस यांना फील्ड्स पदक मिळून तेव्हा दशक उलटलं होतं. नावं छापली गेली दाणी, मार्गुलिस, अशी, कारण इंग्रजी वर्णमालेत डी आधी येतो.

त्याच दाणींची 1981 सालची गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगतो. एका विशिष्ट भूमितीच्या अवकाशात बिंदू ठरावीक रीतीने सरकत राहिला, तर त्याची वाट शेवटी वेडीवाकडी न पसरता एखाद्या सुबक उपअवकाशातच भरून राहते, अशी एक अटकळ त्यांचे सहकारी एम. एस. रघुनाथन यांना सुचली होती. रघुनाथन यांनी ती कुठे छापली नव्हती. ती पहिल्यांदा छापून आली दाणींच्या निबंधात, आणि दाणींनी ती रघुनाथन यांची म्हणूनच मांडली. मापांविषयीची स्वतःची अटकळ त्यांनी वेगळी ठेवली. पुढे रघुनाथन यांच्या अटकळीचं बळ इतकं निघालं, की 1929 पासून अडलेला वर्गरूपांविषयीचा ओपनहाइम यांचा प्रश्न मार्गुलिस यांनी त्याच वाटेने सोडवला, आणि 1990 च्या सुमारास मरिना रॅटनर यांनी ती अटकळ पूर्ण सिद्ध केली. आज जगभर तिला रघुनाथन यांचंच नाव आहे. दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं म्हणून लिहिणं म्हणजे संदर्भ देणं. तुम्ही नेमकी तीच जागा भाड्याने देता.

दौंडपासून जवळच केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी तिथे राहून हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, मरेपर्यंत त्यावर काम केलं, आणि त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी ते स्वतः जुळवून छापलं. आठवड्यात स्वीकृतीपत्र विकताना तुम्ही कुठल्या मातीत उभे आहात ते तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगितलं.

आता कामाचं. त्या तरुण शिक्षकाने पत्रिकेच्या संपादकांना लिहून आपलं नाव काढायला सांगितलंय. उत्तर आलेलं नाही, कारण छापलेल्या पत्त्यावर कुणी राहतच नाही. त्याचे पैसे परत करा. त्याच पेपरातल्या इतर पाचांचेही करा. ज्या मजकुराची चोरी झाली तो मूळ निबंध आम्ही शोधून काढलाय. तो लिहिणाऱ्याला आम्ही कळवतोय.

आणि येत्या भरतीत ज्यांच्याकडे मुलाखतीचं काम येईल, त्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे. पेपर किती ते विचारू नका. उमेदवाराच्या हातात खडू द्या, त्याच्याच पेपरातलं एक प्रमेय निवडा, आणि फळ्यावर सिद्ध करायला सांगा. दहा मिनिटं पुरतील. जागा विकणाऱ्यांची सगळी दुकानं त्या दहा मिनिटांत बंद होतात.