हद्दवाले तात्या

कोकणात दर वाडीत एक तात्या असतात. सत्तरी उलटलेली, गुडघे बोलतात, पण सकाळी चहाच्या आधी गडग्यावर फेरी ठरलेली. गडग्यापलीकडे चुलतभाऊ, नाना. दावा वडिलांच्या वेळचा. वकील बदलले, न्यायाधीश बदलले. तात्या तारखेला हजर.

माणूस तसा लाघवी. मुंबईचा पर्यटक वाट चुकून कलमांत शिरला तर त्याला कोकम सरबत मिळतं. नानांची शेळी शिरली तर तलाठ्याकडे अर्ज जातो.

अलीकडे तात्यांना आधार सापडलाय तो हुमल्यांचा. अळ्यांच्या रेशमानं आंब्याची पानं शिवून घरटी करणारे ते लाल मुंगळे. एकाच कुळाची घरटी कितीतरी झाडांवर असतात. घरचा कोण हे अंगाच्या वासावरून कळतं. दुसऱ्या झाडावरून आलेल्या घरच्याला तोंडातला घास भरवतील. शेजारच्या कुळातला, जात तीच, दिसला की एकेकजण एकेक पाय धरून त्याला चहूबाजूंनी ताणतात. गडग्यावरच्या फांदीवर असा एक ताणलेला हुमला तात्यांनी मला चष्मा पुसून दाखवला. "हा नानाच्या बाजूचा."

ऑस्ट्रेलियातल्या हुमल्यांवर 2010 मध्ये अभ्यास निघाला. लांबच्या परक्यापेक्षा शेजाऱ्यावरच ते जास्त तुटून पडतात. हे ऐकून तात्या म्हणाले, "कोर्टात दाखल करता येईल का रे?"

"आणि हद्दीवरच्या घरट्यांत म्हातारे ठेवतात, तात्या."

"मग! पोरांना काय कळते हद्द?"

"म्हातारे म्हणजे म्हाताऱ्याच. कामकरी सगळ्या बायका असतात."

तात्यांनी माजघराकडे पाहिलं. "हळू बोल. हिला कळलं तर उद्यापासून फेरीला ती जाईल."

खरी पंचाईत झाली ती अर्जेंटिनाच्या मुंग्यांमुळे. माणसांच्या मालाबरोबर त्या युरोपात पोचल्या, आणि इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत, सुमारे 6,000 किलोमीटर, त्यांचं एकच कूळ पसरलंय. अब्जावधी मुंग्या, लाखो वारुळं, आपसात भांडण नाही. 2002 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

तात्यांचा चेहरा उतरला. "सहा हजार किलोमीटर, आणि सातबारा एक?"

"एक. पण तिकडेच कॅटलोनियात त्याच जातीचं दुसरं कूळ आहे. दोन्हीकडच्या समोरासमोर आल्या की एक मरेपर्यंत सोडत नाहीत."

तात्या खुर्चीत सरसावून बसले. "असं सांग की! गडगा आहे का मध्ये? मोजणी कोणी केली?"