वारा रजेवर असताना
(पॅटागोनियाला हिवाळ्यात निघालेल्या नवशिक्यांसाठी)

पॅटागोनिया पाहायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारीत पाहावा. तेव्हा तिथे उन्हाळा असतो, रात्री दहापर्यंत उजेड असतो, हॉटेलं उघडी असतात आणि भरलेलीही असतात. हे ज्यांना जमतं त्यांनी पुढे वाचू नये. ही पुस्तिका उरलेल्यांसाठी आहे: ज्यांना रजा जुलैतच मिळते त्यांच्यासाठी, स्वस्त तिकीट दिसलं की ज्यांचा हात आवरत नाही त्यांच्यासाठी, आणि दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे ऐन हिवाळा हे ज्यांना तिकीट काढून झाल्यावर आठवतं त्यांच्यासाठी. तिसऱ्या गटात मी आणि बायको. खरं तर मी एकटाच. तिला आधीपासून माहीत होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

भूगोलाची उजळणी

गरजणारे चाळीस, खवळलेले पन्नास, किंचाळणारे साठ. हे शाळेत एका मार्कासाठी पाठ केलेलं असतं आणि परीक्षा झाल्यावर परत केलेलं असतं. ते आता मागून घ्या. दक्षिणेकडच्या या अक्षांशांवर पृथ्वीभोवती जवळजवळ पाणीच आहे. पश्चिमेकडून सुटलेल्या वाऱ्याच्या आड टास्मानिया आणि न्यूझीलंडचे तुकडे येतात तेवढेच, आणि मग थेट दक्षिण अमेरिकेचं शेपूट. या शेपटाला पॅटागोनिया म्हणतात. त्याच्या मधोमध अँडीजची भिंत, पश्चिमेला चिली, पूर्वेला अर्जेंटिना. वाऱ्यानं आणलेलं सगळं पाणी चिलीच्या पदरात पडतं, काही ठिकाणी वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त. भिंत ओलांडून अर्जेंटिनात उतरलं की दोनशेची मारामार. महाबळेश्वर आणि म्हसवड यांचं जे नातं, तेच.

अर्जेंटिनातला सांता क्रूझ प्रांत सुमारे 2 लाख 44 हजार चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाऊण पटीहून मोठा. लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आत. चौरस किलोमीटरला दीड माणूसही येत नाही. हिवाळ्यात तोही बुएनोस आयरेसला मुलीकडे गेलेला असतो.

मागच्या सहलींचे अनुभव

चुकीच्या हंगामात तिथे पोचणारे आपण पहिले नाही. 31 मार्च 1520 रोजी मॅगेलनची पाच जहाजं सान हुलियानच्या खाडीत शिरली. पुढे थंडी वाढणार, तेव्हा हिवाळा इथेच काढू, असं सहलप्रमुखांनी ठरवलं आणि त्याचबरोबर जेवण कमी केलं. कुठल्याही ग्रुप टूरमध्ये या दोन घोषणा एका दमात करू नयेत. लगेच बंड झालं. एका कप्तानाला भोसकलं, दुसऱ्याचं डोकं उडवलं, आणि ऑगस्टमध्ये निघताना तिसऱ्याला एका पाद्र्यासह किनाऱ्यावर सोडून दिलं. त्याच मुक्कामात तिथल्या उंच्यापुऱ्या मूळ रहिवाशांना मॅगेलननं ‘पातागोन’ म्हटलं, त्यावरून प्रदेशाचं नाव पडलं.

58 वर्षांनी फ्रान्सिस ड्रेक तिथेच थांबला. तोही जूनमध्ये. त्याच्या माणसांना मॅगेलनच्या वधस्तंभाचं लाकूड सापडलं. बंडाच्या आरोपावरून ड्रेकनंही तिथे आपल्या एका सोबत्याचा शिरच्छेद केला, आणि जहाजावरच्या पिंप बनवणाऱ्यानं त्या जुन्या लाकडाचे पेले करून ज्यांना हवे त्यांना दिले. पॅटागोनियातून आणलेली आठवणीची वस्तू म्हणून माझ्या माहितीत याहून जुनं उदाहरण नाही.

1865 च्या 28 जुलैला, म्हणजे पुन्हा भर हिवाळ्यात, वेल्समधून दीडशेच्या आसपास माणसं ‘मिमोसा’ जहाजातून आज जिथे पुएर्तो माद्रिन आहे तिथे उतरली. आपली भाषा आणि आपला धर्म जिथे निवांत जपता येईल असा हिरवागार मुलूख त्यांना सांगण्यात आला होता. समोर काटेरी झुडपं, आणि प्यायला पाणी नाही. तरी ती राहिली. त्यांनी चुबुत नदीचे पाट काढले, आणि गाइमान गावात आजही वेल्श पद्धतीचा चहा आणि काळा केक मिळतो. माहितीपत्रकावर विसंबून गेलेल्यांचं इतकं बरं झाल्याचं मला दुसरं उदाहरण ठाऊक नाही.

(माद्रिनला मात्र हिवाळ्यात खुशाल जावं. जूनपासून राइट व्हेल जातीचे देवमासे पिल्लं घालायला त्या आखातात येतात आणि एल दोरादियोच्या किनाऱ्यावरून, बोटीत न बसता, चपला काढून बसलं तरी दिसतात. चपला काढू नयेत. थंडी असते.)

सामान

गरम कपड्यांबद्दल सगळे सांगतील. मी खाण्याबद्दल सांगतो. आपण परदेशी निघालो की घरातली वडीलधारी मंडळी पिशवी भरतात, आणि ती पिशवी अर्जेंटिनातून चिलीत जाताना सीमेवर उघडली जाते. चिली आपल्या शेतीला फार जपतो. फळं, बिया, मध, दुधाचे पदार्थ, काही असेल तर फॉर्मवर ‘हो’ म्हणा. ‘नाही’ म्हणून सापडलात तर दंड. मी ‘हो’ म्हटलं. मग डिंकाचा लाडू टेबलावर ठेवला गेला आणि त्यात काय काय असतं ते सांगण्याची माझ्यावर वेळ आली. खारीक, खोबरं, तूप इथपर्यंत मी हातवारे करून पोचलो. त्यात खसखसही असते, आणि खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. मी बोलायचा थांबलो. अधिकाऱ्यानं लाडू फोडला, वास घेतला, आणि अत्यंत सभ्यपणे सगळा डबा पिंपात रिकामा केला. मेतकूट सुटलं. ते पाहून त्याला प्रश्नच सुचला नाही.

दार

भाड्याची गाडी देताना त्या माणसानं इंजिनाबद्दल एक वाक्य सांगितलं आणि दाराबद्दल वीस. गाडी नेहमी नाक वाऱ्याकडे करून उभी करायची. एका वेळी एकच दार उघडायचं. दोन्ही हातांनी धरायचं. वाऱ्यानं दार उलटं फिरवून बिजागरीत वाकवलं तर विम्याचे पैसे मिळणार नाहीत. मग त्यानं पुंता अरेनासचं सांगितलं: चिलीतल्या त्या शहरात वारा फार झाला की चालणाऱ्यांना धरायला रस्त्याकडेला दोर बांधतात. हे खरं आहे.

नऊ दिवस आम्ही दार असं उघडत होतो जणू आत कुणी तान्हं बाळ झोपलंय. मी उतरून पलीकडे जायचो, बायकोचं दार बाहेरून धरायचो, ती आतून धरायची, आणि दोघं मिळून इंच इंच सोडायचो. वारा नव्हता. चिमणीतला धूर गंधाच्या रेघेसारखा सरळ वर जात होता. दहाव्या दिवशी पेट्रोलपंपावरच्या (तिकडे पेट्रोलला ‘नाफ्ता’ म्हणतात) पोऱ्यानं आमची ही आरती पाहिली आणि दोनच शब्द बोलला. हिवाळा, म्हणाला. वारा नाही.

तर हे कुठल्याही जाहिरातीत नसतं म्हणून इथे देतो. दक्षिण पॅटागोनियात सर्वात वाईट वारा वसंतात आणि उन्हाळ्यात असतो, म्हणजे नेमका पर्यटक येतात तेव्हा. उन्हाळ्यात पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा अरुंद होऊन दक्षिणेला सरकतो आणि सगळा जोर पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास लावतो. हिवाळ्यात तो उत्तरेकडे पसरतो, पातळ होतो. ज्या वाऱ्याच्या भीतीनं लोक हिवाळ्यात येत नाहीत, तो हिवाळ्यात रजेवर असतो.

झाडं मात्र वाकलेलीच. लेंगा नावाच्या झाडांची उघडी खोडं, सगळ्या फांद्या पूर्वेकडे. साहेब गावाला गेलेत, तरी कचेरी मान खाली घालून बसलेली.

पण ही किरकोळ रजा आहे. मधेच एखाद्या दिवशी साहेब परत येतात, तेही बर्फ घेऊन, आणि मग रस्ता, आकाश, गाडीचं बॉनेट सगळं एकाच रंगाचं होतं. त्याला तिकडे ‘पांढरा वारा’ म्हणतात. त्या दिवशी निघू नये. निघालाच तर डांबरावर न दिसणारा बर्फाचा पापुद्रा असतो. त्याला ‘एस्कार्चा’ म्हणतात हे मला गाडी आडवी झाल्यावर कळलं. पाच हजार किलोमीटरहून लांब ‘रूता 40’ या महामार्गावर पंप दिसेल तिथे टाकी भरावी, अर्धी असली तरी. वाटेत प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसला तर कचरा समजून नाक मुरडू नये. ते दिफुंता कोरेआचं ठाणं. ती नवऱ्याच्या शोधात वाळवंटात तहानेनं मेली, अंगावरचं बाळ मात्र वाचलं, म्हणून जाणारे-येणारे तिला पाणी ठेवतात. लाल निशाणं दिसली तर तो गाउचितो हिल, त्याला हॉर्न वाजवून पुढे जायचं. घाटात म्हसोबाला हात जोडणाऱ्याला यात शिकवायचं काही नाही.

डोंगरातले मुक्कामी ट्रेक

हा धडा हिवाळ्यात बंद आहे. ऑक्टोबरमध्ये यावे.

वेळेचं नियोजन

पुंता अरेनासला जूनअखेरीस दहाच्या सुमारास उजाडतं आणि साडेपाचला मावळतं. गजर लावू नका. ‘सेर्रादो’ हा शब्द तेवढा शिका, म्हणजे बंद. बाकी स्पॅनिश त्या पाटीच्या मागे कुलपात असतं.

तिथल्या मुख्य चौकात मॅगेलनचा पुतळा आहे आणि त्याच्या पायथ्याशी एका मूळ रहिवाशाचा. त्याच्या पायाचा अंगठा धरला, किंवा ओठ टेकले, तर माणूस पॅटागोनियाला परत येतो म्हणतात. लाखो हातांनी तो अंगठा सोन्यासारखा झाला आहे. मीही धरला. नंतर संग्रहालयात वाचलं: समुद्रधुनीपलीकडच्या बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेंढ्यांचे मळे आले आणि तिथल्या सेल्कनाम लोकांना मेंढ्यांच्या आड येतात म्हणून टिपून मारलं गेलं, मारणाऱ्यांना त्याचे पैसे मिळत. उरलेल्यांना मिशनांमध्ये नेलं, तिथे रोगराईनं संपवलं. आणखी दक्षिणेला यागान लोक राहत, या थंडीत अंगाला सीलची चरबी चोळून, होडीतसुद्धा शेकोटी पेटती ठेवून. त्यांची भाषा मातृभाषा म्हणून बोलणारी शेवटची बाई, क्रिस्तिना काल्देरोन, 2022 च्या फेब्रुवारीत 93 व्या वर्षी गेली. ज्यांना आपल्याच जमिनीवर राहू दिलं नाही त्यांचा अंगठा धरून आपण परत यायचा नवस बोलतो. नवशिक्यांनी काय करावं, मी सांगणार नाही.

काय पाहावं

पेरितो मोरेनो हिमनदी. ती हिवाळ्यातही उघडी असते, तिला बंद करायची सोय नाही. समोरची भिंत पाच किलोमीटर रुंद आणि पाण्यावर साठेक मीटर उंच. उन्हाळ्यात बर्फाचा कडा कोसळला की टाळ्या पडतात. आम्ही गेलो तेव्हा लांबलचक सज्जांवर आम्ही दोघं आणि एक पहारेकरी. कडा कोसळला नाही. आतून मात्र काहीतरी मोडत होतं, जुन्या वाड्याचा जिना रात्री वाजतो तसं. आम्ही दोन तास उभे होतो. पहारेकरी तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं विचारलं, सगळं ठीक आहे ना?

पाहुणचार

शेवटचा धडा, आणि महत्त्वाचा, कारण मी यात नापास झालो. एल चाल्तेन हे फिट्झ रॉय शिखराखालचं गाव 1985 मध्ये वसलं, ते चिलीशी सीमेचा वाद चालू होता म्हणून, आपला माणूस तिथे दिसावा एवढ्यासाठी. जुलैमध्ये अजूनही तेवढीच माणसं दिसतात. एका घरात खोली मिळाली. बाहेर भुरभुर बर्फ, आणि मालकीणबाईंनी स्वयंपाकघरात बोलावलं. पाऊसपाण्याच्या दिवशी आपण भजी करतो तशी तिकडे ‘तोर्ता फ्रिता’ तळतात, पिठाची फुगीर पुरी. ती परंपरेनं गुरांच्या चरबीत तळतात. शाकाहाऱ्यांनी विचारावं किंवा खावं, दोन्ही करू नये.

बरोबर ‘माते’. देवीला हाक मारल्यासारखा उच्चार, पण हा पाला. वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंबड्यात तो भरायचा, वर गरम पाणी, आणि धातूच्या नळीनं ओढायचं. नळीला ‘बोंबिशा’ म्हणतात. बोंबलाशी संबंध नाही. नळी हलवायची नाही. तुंबडं एक, नळी एक, आणि टेबलाभोवतीची सगळी माणसं त्याच नळीनं पिणार. उष्ट्याचा विचार सीमेवर लाडवांबरोबर सोडून द्यावा. यजमान भरून एकाला देतो, त्यानं संपवून परत द्यायचं, मग पुन्हा पाणी घालून पुढच्याला.

माझी पाळी आली. कडू जहर होतं. मी ते संपवलं, तुंबडं परत दिलं आणि पाठ केलेल्या मोजक्या शब्दांपैकी एक, छातीवर हात ठेवून, खणखणीत म्हटला: ग्रासियास.

धन्यवाद. तिकडे मातेच्या बैठकीत त्याचा अर्थ ‘पुरे, मला आता नको’ असा होतो. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी तुंबडं पाच-सहा वेळा फिरलं आणि दर वेळी माझ्या नाकासमोरून पुढे गेलं. मी हसून मान डोलावत राहिलो.

बायकोला स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. तिनं आभार मानले नाहीत. पिऊन तुंबडं नुसतं परत दिलं, माहेरी चहाचा कप मोरीकडे सरकवावा तसं, आणि पदर खोचल्यासारखी उठून पुऱ्या लाटायला बसली. तिला माते शेवटपर्यंत मिळत होता.