काशीयात्रा, मार्गे नांदेड

ज्या गृहस्थाची उभी हयात तहसील कचेरीत दुसऱ्यांच्या जमिनींचे फेरफार नोंदवण्यात आणि स्वतः जागचे न हलण्यात गेली, ज्याच्या हाताखालचे कारकूनही आता निवृत्तिवेतनाच्या रांगेत त्याच्या मागे उभे राहू लागले, आणि ज्याच्या परदेशगमनाची कमाल मर्यादा, हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत म्हणजे 1 मे 1999 पर्यंत, शिक्क्यासाठी परभणीला जाऊन येणे एवढीच होती, त्याच्याकडे एके संध्याकाळी सात तरुणांनी येऊन दुबईतल्या 'बॅचलर पार्टी'ची आखणी करून मागावी, याला दैवदुर्विलास म्हणावे की गुणग्राहकता, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

या सातांचा म्होरक्या म्हणजे माझा भाचा, अक्काचा धाकटा. तो पुण्यास संगणकावर काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला तीनदा समजावून सांगितले आहे आणि तिन्ही वेळा मला वेगवेगळे समजले आहे. वैशाखात त्याचे लग्न ठरले होते. बॅचलर पार्टी म्हणजे लग्नापूर्वी मित्रांनी नवरदेवाला दूर कोठेतरी नेऊन त्याच्या स्वातंत्र्याचा निरोपसमारंभ करायचा, हे त्याच्या तोंडून ऐकल्यावर मी म्हणालो, "म्हणजे केळवण की रे!"

"नाही मामा, केळवणाला आत्या-मावश्या असतात."

"मग गडगनेर म्हण."

हा शब्द सातांपैकी एकानेही ऐकलेला नव्हता. माझ्याकडे येण्याचे कारण मात्र त्यांनी प्रांजळपणे सांगितले: मंडळींत कोणीतरी वडीलधारे असल्याशिवाय घरून परवानगी मिळण्याचा संभव नव्हता, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांत ज्याला खर्चाचा तक्ता करता येतो, ज्याचे कोणाशी वैर नाही आणि ज्याला दुसरे काही काम नाही, असा मीच एकटा उरलो होतो. "तुम्ही फक्त हाव म्हणा, मामा," सातांपैकी एक, हळदीचा अडत्या, म्हणाला. मी हो म्हणालो. परंतु निव्वळ कर्तव्यबुद्धीने, हे येथे नमूद करून ठेवतो.

वास्तविक या कामी माझा अधिकार शास्त्रोक्त होता. आमच्याकडे मुंजीनंतर सोडमुंज करतात. ब्रह्मचर्याश्रम संपवून बटू छत्री, काठी आणि वहाणा घेऊन काशीस निघतो, आणि मामाने त्याला वाटेत अडवून "काशीला जाऊ नकोस, मी तुला माझी मुलगी देतो" असे वचन देऊन माघारी आणायचे असते. तमिळ ब्राह्मणांत हाच प्रसंग ऐन लग्नात होतो आणि वराला अडवण्याचे काम वधूच्या माहेरच्यांकडे असते. या भाच्याच्या वेळी ते वचन मीच दिले होते. मला दोन्ही मुलगेच. तरीही मी मुलगी इतक्या गांभीर्याने कबूल केली की पाहुण्यांपैकी दोघांनी नंतर तिचे वय विचारले. पदरी नसलेली वस्तू मंजूर करण्याचा शासकीय सराव असा उपयोगी पडतो. तेव्हा हा मुलगा पुन्हा एकदा गृहस्थाश्रमाच्या उंबरठ्यावरून कोठेतरी निघाला आहे, आणि काशी काय नि दुबई काय, त्याच्या वाटेत उभे राहणे हा माझा हक्कच आहे, असे मी मनाशी ठरवले. फक्त या खेपेस अडवण्याऐवजी बरोबर जायचे होते.

मी रीतसर फाइल उघडली. विषय: 'नवरदेवाची दुबई सफर, दिवस दोन, रात्री दोन.' पहिलीच अडचण 'वीकएंड' या शब्दाची आली. आमच्या नोकरीत दुसरा व चौथा शनिवार तेवढा सुटीचा असे. सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला तो 29 फेब्रुवारी 2020 पासून, म्हणजे मला त्याचा काडीचा उपयोग उरला नाही तेव्हा. तिकडे अमिरातीत तर पूर्वी शुक्रवार-शनिवार सुटी असे, आणि 2022 च्या आरंभापासून ती शनिवार-रविवार झाली. सरकार वार बदलते, माणसे तीच राहतात, हा निष्कर्ष मी टिपणीत घातला. भाच्याने तो खोडला.

दुसरा मुद्दा चलनाचा. माझे आजोबा निजामाच्या हाली सिक्क्याचे कलदार रुपये करताना, सात हालीला सहा कलदार असा हिशेब, चष्मा कपाळावर सारून बोटांवर करीत. मी त्याच मुद्रेने रुपयांचे दिऱ्हम करू लागलो. मात्र आजोबांच्या हिशेबात सातांचे सहा उरत, माझ्या हिशेबात वीस-पंचवीस रुपयांचा एक दिऱ्हम उरू लागला, तेव्हा मुलांचे चेहरे उतरले. त्यांना धीर यावा म्हणून मी सांगितले की, एके काळी दुबईच्या बाजारात आपलाच रुपया चालत असे. 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी मुद्दाम निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या, आणि 1966 च्या जूनमध्ये आपण रुपयाचे अवमूल्यन केले तेव्हा कोठे तिकडच्या लोकांनी त्याची संगत सोडली. दिऱ्हम आला तो पुढे 1973 मध्ये. "म्हणजे मामा, आपण साठ वर्षं उशिरा निघालो," सातांतले मास्तर म्हणाले. हे मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत आणि उणीव नेमकी दाखवतात.

तिसरा मुद्दा प्रेक्षणीय स्थळांचा. बुर्ज खलिफाची उंची 828 मीटर. ती पाहायला मान वर करावी लागते, आणि मानेचा पट्टा मला बारा महिने असतो. तेथे एका बाजारपेठेच्या पोटात खरे बर्फ पाडून त्यावर लोक घसरतात, म्हणजे वाळवंटात हजारो मैल जायचे आणि लोकरीचा कोट भाड्याने घ्यायचा. पुढे मोटारीत बसून वाळूच्या टेकड्यांवरून वर-खाली आपटून घेण्याची सफर. तिला पैसे पडतात. आमच्या तालुक्यातले काही रस्ते हाच आनंद विनामूल्य देतात, ही माझी टीप मात्र सर्वानुमते कायम झाली. आणि ऊन! ज्याच्या दारात वैशाखात पारा 42 अंशांवर जातो त्या हिंगोलीकराने ऊन खायला दुबईस जाणे, हे वसमतच्या बाजारात पुडीतली हळद मागण्यापैकीच होते.

वाटेचा प्रश्न मी एका दुपारीत निकालात काढला. हिंगोली डेक्कन या स्थानकाच्या नावावरून वाटते तसे येथून दख्खनभर कोठेही थेट जाता येत नाही. परंतु 27 एप्रिल 2017 रोजी 'उडान' योजनेत देशातली जी पहिली विमाने सुटली त्यांत नांदेड-हैदराबाद हे एक होते, एवढ्या ऐतिहासिक आधारावर मी 'हिंगोली ते नांदेड मोटारीने, नांदेड ते हैदराबाद विमानाने, तेथून दुबई' असा मार्ग आखून त्याला तांबड्या शाईने अधोरेखित केले.

अक्काला हे कळले तेव्हा ती माझ्याकडे आली नाही. तिने मला बोलावून घेतले. "तुला कळत नाही का?" ती म्हणाली. मी नरसीच्या नामदेवमहाराजांचा दाखला पुढे केला: आपल्या जिल्ह्याचा हा संत पायी पंजाबात गेला, घुमानला राहिला, त्याची 61 पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत, तेव्हा लांबचा प्रवास ही आपली परंपराच आहे. अक्का क्षणभर गप्प राहिली आणि मी जिंकलो असे मला वाटले. मग ती म्हणाली, "त्याच नामदेवांना औंढ्याला देवळाच्या मागं बसवलं, तेव्हा ते उठून कुठं गेले का? नागनाथाचं देऊळच त्यांच्याकडं फिरलं. नंदी अजून मागंच आहे. जाऊन बघ." ज्या जिल्ह्यात माणसासाठी देऊळ फिरते तेथे माणसाने फिरायचे कारण काय, या युक्तिवादाला प्रत्युत्तर मला अजून सुचलेले नाही.

पण योजना अक्कामुळे मोडली असे मात्र नव्हे. ती सरकारी प्रकरणे निकालात निघतात तशीच निघाली, म्हणजे कोणीही नकार न देता. मास्तरांचा परदेशगमनाच्या परवानगीचा अर्ज योग्य मार्गाने मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुखांकडे गेला आणि तेथे त्याला विश्रांती मिळाली. सातांतले विमाप्रतिनिधी मार्चअखेरीत बुडाले. हळदीचा अडत्या, ज्याच्या अडतीवर हंगामात हजारो पोती उतरतात, त्याच्याच पासपोर्टावर, केवळ दहावीचा दाखला नसल्यामुळे, देशाबाहेर जाताना तपासणी आवश्यक असा शेरा आला. शेरा कामगारांच्या संरक्षणासाठी असतो आणि सहलीला त्याची आडकाठी नाही, असे मी नियम दाखवून समजावले, परंतु तो अपमान गिळावयास तयार होईना. पुण्याच्या दोघांना त्याच शनिवारी कामावरून हलता येत नव्हते. पुढच्या शनिवारी चालले असते, पण पुढचा शनिवार कधी मागचा होत नाही. राहिला सातवा, त्याचा कयाधूच्या काठी शेतात आखाडा आहे, हळद नुकतीच शिजवून पसरली होती, आणि मजूर मिळत नव्हते. "माझ्याच्यानं काही निघणं होत नाही," त्याने निरोप पाठवला, "पण तुम्ही इकडं या. रोडगे करू."

आणि अशा रीतीने चैत्रात, हनुमान जयंतीच्या अलीकडच्या शनिवारी, आमची मंडळी दुबईऐवजी आखाड्यावर जमली. पुण्याचे दोघेही, दुबईला न मिळालेली रजा रोडग्यांसाठी मिळवून, सकाळीच येऊन थडकले.

येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. फाइल बंद झाली त्या दिवशी माझ्या घरी, पलंगाखालच्या पेटीत, माझा कोरा पासपोर्ट, रुंद कडांची एक टोपी, काळा चष्मा, वाळूत चालण्याच्या नव्या वहाणा आणि अरबस्तानातील उन्हासाठी घेतलेली दुहेरी कापडाची छत्री, एवढा ऐवज जमा झालेला होता. कर्तव्यबुद्धी म्हणून जी म्हटली ती या पेटीत होती. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे म्हणतात. मला तर त्याच्या वासानेच पिवळेपण आले होते. निदान वस्तू वाया जाऊ नयेत या विचाराने मी ती सगळी सामग्री पिशवीत भरून आखाड्यावर नेली.

गेलो आणि उभाच राहिलो. सारवलेल्या खळ्यावर आणि त्याच्या पलीकडे शेतभर शिजवलेली हळद वाळत पडली होती. हळकुंडे एकीकडे, जेठे गड्डे एकीकडे, मध्ये पाय ठेवण्यापुरती वाट. मावळतीचे ऊन त्यावर पडले तेव्हा मातीचा रंगच दिसेनासा झाला. जिकडे पाहावे तिकडे पिवळे, सपाट, झाड नाही झुडूप नाही. मी पिशवीतून काळा चष्मा काढला आणि कोणाचे लक्ष नाहीसे पाहून डोळ्यांवर चढवला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आम्ही बांधावरून एक फेरी मारली. मानेचा पट्टा त्या कामी उपयोगी पडला. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले, वांग्याची भाजी झाली, वरणात तूप पडले, आणि नवरदेवाच्या स्वातंत्र्याविषयी जी भाषणे झाली त्यांत विवाहित मित्रांची भाषणे अधिक लांब आणि अधिक गहिवरलेली होती.

रात्री अकराच्या सुमारास चंद्र एकाएकी गेला आणि वारा सुटला. "ताडपत्री!" असा एकच गलका झाला. ज्यांना शेताचा गंध नाही असे पुण्याचे दोघे, विमा, मास्तर, अडत्या, मी आणि नवरदेव, सगळे हळदीवर पडलो. जे हातात येईल त्याने, फावड्याने, टोपल्याने, शेवटी ओंजळीने, ढीग करू लागलो. माझ्या रुंद कडांच्या टोपीत एका वेळी दीड किलो हळकुंडे मावतात, हे मी अनुभवाने सांगतो. वीस मिनिटे टपोरे थेंब पडले, ताडपत्री वाजली, आणि पाऊस पुढे सेनगावकडे निघून गेला. कंदील वर करून पाहतो तो आठही जण कोपरापर्यंत, गालापर्यंत, कपाळापर्यंत पिवळे! नवरदेवाला मुहूर्ताच्या कितीतरी दिवस आधी, सुवासिनींच्या हाताशिवाय, हळद लागली होती. आणि ज्यांची लग्ने होऊन गेली होती त्यांना ती फुकट दुसऱ्यांदा लागली होती.

आवराआवर करताना भाच्याच्या हाती माझी पिशवी आली. त्याने एकेक वस्तू बाहेर काढली: छत्री, नव्या वहाणा, काठी म्हणून मी बांधावरची तुराटी हातात धरलीच होती. तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने पिवळ्या हाताने माझा दंड धरला आणि अगदी त्याच्या मुंजीत मी बोललो होतो त्या चालीवर म्हणाला, "मामा, काशीला जाऊ नका. मी तुम्हाला भाचेसून देतो. ती आली की तिघं मिळून जाऊ."

शास्त्रात अडवणारा मामा असतो आणि अडलेला भाचा. येथे ते उलटे झाले. पण अडवले, वचन दिले, जाणारा माघारी फिरला, तेव्हा विधी पूर्ण झाला असेच म्हटले पाहिजे. काशीयात्रेत काशी कोणी पाहिलेली नसते; तिचे पुण्य दाराबाहेर टाकलेल्या चार पावलांत आणि दंडावर पडलेल्या हातात असते. सबब सदर प्रकरणी पुढील कार्यवाही आवश्यक नसल्याने ते दफ्तरी दाखल केले. फक्त पासपोर्ट तेवढा त्या फाइलीला टाचला नाही. त्याची मुदत अजून नऊ वर्षे बाकी आहे.